दातांच्या दवाखान्याचा विमा: पुण्यात नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांसाठी

सोमवारी सकाळी पावणेआठला खालच्या साडीच्या दुकानातल्या काकांचा फोन आला. "डॉक्टर, आहात तशा या, चावी घेऊन. वरून पाणी गळतंय." शनिवारी रात्री दवाखाना बंद करून गेल्यावर कधीतरी डेंटल चेअरच्या जंक्शन बॉक्समधली पाण्याची नळी जॉइंटमधून सुटली होती. रविवार सुट्टीचा. सोसायटीची टाकी भरत राहिली आणि माझ्या दवाखान्यातून खाली रिकामी होत राहिली. मी पोचले तेव्हा काका पैठण्यांचे बॉक्स रस्त्यावर मांडत होते, आणि प्रत्येक बॉक्स उघडताना एकदा माझ्याकडे बघत होते.

माझ्याकडे विमा होता. सर्व्हेअर आला, फुगलेली कॅबिनेट आणि फ्लोअरिंग पाहिलं, फोटो काढले, आणि माझं नुकसान बऱ्यापैकी भरून मिळालं. काकांच्या साड्यांचं काय, असं विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ही तुमच्या मालमत्तेची पॉलिसी आहे. दुसऱ्याचं नुकसान यात नाही." ते पैसे मी खिशातून दिले. पॉलिसीत लिहिलेलं सगळं बरोबरच होतं, वाचलं मी नव्हतं.

बीडीएसच्या पाच वर्षांत विम्यावर आपल्याला कोणी धड तासभर शिकवत नाही. चेअर कुठली घ्यायची यावर आपण दोन महिने डीलर पालथे घालतो आणि पॉलिसीवर दहा मिनिटांत सही करतो. म्हणून मला जे ठेचा खाऊन कळलं ते क्रमाने लिहिते आहे.

1. आधी धोके वेगळे करा

'क्लिनिकचा इन्शुरन्स काढला' असं कोणी म्हणालं की मी विचारते, नक्की कशाचा? कारण हे चार वेगळे धोके आहेत आणि एका कागदात ते क्वचितच मावतात.

पहिला, उपचारात चूक झाली असं पेशंटने म्हणणं. त्यासाठी प्रोफेशनल इन्डेम्निटी. दुसरा, खोली आणि सामान: आग, पूर, चोरी, मशिनचा बिघाड. तिसरा, उपचाराशी संबंध नसलेली पण आपल्यामुळे दुसऱ्याला झालेली इजा किंवा नुकसान. ओल्या फरशीवरून आजी घसरल्या, काकांच्या साड्या भिजल्या, ते यात. चौथा, तुम्ही स्वतः आणि तुमची माणसं.

एजंट साधारणपणे दुसऱ्या धोक्याची पॉलिसी विकतो आणि बोलताना चारही उरकल्यासारखं बोलतो.

2. इन्डेम्निटी: इथे वेळ घालवा

सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालापासून डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्याखाली येते, त्यात आपणही आलो. आता 2019 चा कायदा लागू आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत पेशंट ग्राहक आयोगात जाऊ शकतो. उशिराचं कारण पटलं तर आयोग त्यानंतरही तक्रार घेतो. आपल्याकडे ज्यावरून वाद होतात ते प्रकार तुम्हाला तोंडपाठ असतील: चुकीचा दात काढणं, रूट कॅनॉल करताना आत तुटलेली फाइल (साफ करायची बारीक सुई), खालची अक्कलदाढ काढल्यावर ओठ बधिर राहणं, इम्प्लांट न टिकणं, कॅनॉल धुवायचं हायपोक्लोराइट मुळाबाहेर जाणं.

ही पॉलिसी वाचताना मी चार ठिकाणी बोट ठेवते.

पहिलं, रेट्रोअॅक्टिव्ह डेट, म्हणजे ज्या तारखेनंतरचे उपचार पॉलिसीत धरले जातात ती. आपली इन्डेम्निटी 'क्लेम्स मेड' पद्धतीची असते. उपचार कधी केला एवढ्यावर भागत नाही, तक्रार आली त्या दिवशी पॉलिसी चालू लागते, आणि उपचार रेट्रो डेटच्या नंतरचा लागतो. माझ्या एका मैत्रिणीची पॉलिसी मार्च 2023 अखेर संपली. थोड्या स्वस्तात मिळते म्हणून तिने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीची नवीन काढली. नोव्हेंबर 2022 मध्ये काढलेल्या अक्कलदाढेची नोटीस तिला जुलै 2024 मध्ये आली. जुनी पॉलिसी संपलेली, आणि नवीची रेट्रो डेट एप्रिल 2023. तीन वर्षं नेमाने हप्ते भरूनही ती दोन खुर्च्यांच्या मधोमध पडली. कंपनी बदलायला माझी हरकत नाही. पण जुनी मुदत संपायच्या आत बदला, आणि जुनी रेट्रो डेट नव्या पॉलिसीच्या शेड्यूलवर (तपशिलाच्या पानावर) छापून आल्याशिवाय चेक देऊ नका. एजंट तोंडी 'कंटिन्युइटी मिळेल' म्हणतो, त्याला अर्थ नाही. प्रॅक्टिस बंद करताना किंवा परदेशी जातानाही हाच मुद्दा येतो: दवाखाना बंद झाला तरी तक्रार नंतर येऊ शकते, त्या काळासाठी कव्हर चालू ठेवता येईल का ते विचारून घ्या.

दुसरं, एओए आणि एओवाय. म्हणजे एका घटनेला जास्तीत जास्त किती आणि वर्षभरात मिळून किती. जाहिरातीत '1 कोटी' दिसतं ते बहुधा वर्षाचं. एका घटनेचं आणि वर्षाचं प्रमाण 1:4 असेल तर एका पेशंटच्या दाव्याला 25 लाखच. 1:1 असेल तर पूर्ण कोटी एकाच दाव्याला लागू शकतात. आपल्याकडे वर्षात चार मोठे दावे येण्यापेक्षा एकच मोठा येण्याची शक्यता जास्त, म्हणून मी थोडा जास्त हप्ता भरून 1:1 घेते. वकिलाचा खर्चही बहुतेक वेळा याच रकमेतून जातो, तेव्हा रक्कम अगदी काठावर धरू नका. नुसतं फिलिंग, रूट कॅनॉल, क्राउन करणाऱ्याने 50 लाख आणि इम्प्लांट किंवा सर्जरी करणाऱ्याने 1 कोटी, हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे. वर्षाचा हप्ता एका इम्प्लांटच्या फीपेक्षा कमीच पडतो, तिथे काटकसर नको.

तिसरं, काय वगळलंय. नशेत केलेला उपचार आणि गुन्हेगारी कृत्य सगळीकडेच वगळलेलं असतं. डेंटिस्टने जनरल अॅनेस्थेशियाखाली हॉस्पिटलबाहेर केलेलं काम अनेक पॉलिसींत बाहेर असतं. सौंदर्योपचार हा तर कायमचा वादाचा शब्द. व्हीनियर, ब्लीचिंग, स्माइल डिझाइन यांना कंपनी 'कॉस्मेटिक' म्हणते का, हे ईमेलवर विचारा आणि उत्तर पॉलिसीबरोबर जपून ठेवा. फी परत करण्याची रक्कम बहुतेक पॉलिसींत येत नाही. फौजदारी शिक्षा किंवा दंड तर कुठलाच विमा भरणार नाही.

चौथं, एक्सेस, म्हणजे प्रत्येक दाव्यात सुरुवातीची जी रक्कम तुमच्या खिशातून जाते ती. हप्ता फार कमी दिसला की आधी एक्सेस बघा.

आणि प्रपोजल फॉर्म स्वतः भरा. एजंट 'पूर्वी काही तक्रार?', 'इम्प्लांट करता?', 'सेडेशन वापरता?' या सगळ्यासमोर सवयीने 'नाही' लिहून टाकतो. खोटी माहिती त्याने लिहिली तरी सही तुमची असते.

3. व्हिजिटिंग कन्सल्टंट

पुण्यात बहुतेक छोट्या दवाखान्यांत ऑर्थो (दात सरळ करणारा) गुरुवारी येतो, सर्जन बोलावल्यावर येतो, एंडो (रूट कॅनॉलवाला) शनिवारी. पेशंटच्या लेखी मात्र दवाखाना एकच, पाटीवर नाव तुमचं आणि पावतीही तुमचीच. नोटीस दोघांच्या नावाने येते.

तुमची वैयक्तिक पॉलिसी तुमच्या हातून झालेल्या कामाची असते. दुसऱ्या डॉक्टरच्या कामासाठी दवाखान्याच्या नावाने वेगळी एस्टॅब्लिशमेंट पॉलिसी असते. दोन-तीन कन्सल्टंट नियमित येत असतील तर ती घ्या. नाहीतर किमान एवढं करा: प्रत्येकाच्या इन्डेम्निटीची आणि डेंटल कौन्सिलच्या नोंदणीची प्रत दरवर्षी मागून फाइलला लावा. संकोच वाटतो, सिनियर माणसाला कसं विचारायचं असं होतं. मी व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना एकच मेसेज टाकते, 'सीएने मागितलंय'. सीएला याचा पत्ताही नाही.

असिस्टंटच्या हातून झालेल्या चुकीसाठीही वैयक्तिक पॉलिसीत वाढीव कव्हर घेता येतं. ते वेगळं मागावं लागतं.

4. खोली आणि सामान

एप्रिल 2021 पासून एका जागेवरची एकूण मालमत्ता 5 कोटींपर्यंत असलेल्या व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आहे. जवळपास सगळे दवाखाने यात बसतात. कुठल्याही सर्वसाधारण विमा कंपनीकडे मागितली तरी मूळ मजकूर तोच. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणं हे त्यात आहे. साधी घरफोडी नाही, ती वेगळी जोडावी लागते.

रक्कम ठरवताना सगळ्यात जास्त घोळ होतो. समजा दवाखान्यात 20 लाखांचं सामान आहे आणि हप्ता वाचवायला तुम्ही 12 लाखांचा विमा काढलात. आगीत 5 लाखांचं नुकसान झालं. 12 लाखांच्या आत आहे म्हणजे पूर्ण मिळेल, असं वाटतं. मिळतात 3 लाख, कारण तुम्ही साठ टक्केच विमा काढला होता. या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतचं कमी-जास्त माफ आहे, त्यापुढे कात्री लागते. म्हणून एक रविवार काढा आणि वहीत उतरवा: चेअर, कंप्रेसर, सक्शन, एक्स-रे, आरव्हीजी (डिजिटल एक्स-रेचा सेन्सर), ऑटोक्लेव्ह (हत्यारं वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), स्कॅनर, एसी, इन्व्हर्टर, फर्निचर, फॉल्स सीलिंग, इम्प्लांट किट, कपाटातला मटेरियलचा साठा. किंमत आज नवीन घ्यायला किती पडेल ती लिहा, आणि पॉलिसीही रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यूवर घ्या. सात वर्षं जुन्या चेअरची घसारा वजा किंमत हातात आली तर त्यात स्टूल आणि लाइट येईल. इंटिरियर लोक हमखास विसरतात. जागा भाड्याची असेल तर भिंती मालकाच्या, पण आत तुम्ही केलेलं सगळं काम तुमचं, ते स्पष्ट लिहून घ्या.

जागा कुठे आहे यावरही बोलायला हवं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी कुठपर्यंत शिरलं ते सहकारनगर, अरण्येश्वर भागातले लोक अजून भिंतीवर हात ठेवून दाखवतात. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत काय झालं तेही आपण पाहिलं. तळमजल्यावर, नदी-ओढ्याजवळ दवाखाना असेल तर पुराचं कव्हर काढून टाकून हप्ता कमी करून देणाऱ्याला हात जोडा. कंप्रेसर तळघरात ठेवला असेल तर तसं लेखी कळवा.

आरव्हीजीचा सेन्सर हातातून पडून फुटला तर आगीच्या पॉलिसीत काही मिळत नाही, घरफोडीच्याही नाही. त्याला इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट किंवा ऑल रिस्क प्रकारचं कव्हर लागतं. लाखाच्या घरातली वस्तू एका केबलला लटकवून आपण दिवसभर फिरवत असतो, मला तरी ते घेणं परवडतं. नुसती झीज झाली तर मात्र तिथेही नाही.

कर्ज काढून चेअर घेतली असेल तर बँकेने परस्पर विमा काढलेला असू शकतो. तो कागद मागवून बघा. माझ्या पहिल्या कर्जात विमा फक्त कर्जाच्या रकमेचा होता आणि पत्ता दवाखान्याऐवजी माझ्या घराचा. वर्षभर माझ्या स्वयंपाकघरातल्या डेंटल चेअरचा विमा चालू होता!

5. दुसऱ्याचं नुकसान

हीच ती पॉलिसी, जी माझ्याकडे नव्हती. नाव 'पब्लिक लायबिलिटी, नॉन-इंडस्ट्रियल'. दुकान किंवा ऑफिसच्या पॅकेज पॉलिसीतही हा विभाग असतो, तिथे स्वस्त पडतो. फक्त त्या विभागापुढची रक्कम वाचा, कधी कधी ती नावापुरती असते. पहिल्या किंवा वरच्या मजल्यावर दवाखाना असेल तर हे टाळू नका.

6. माणसं, आणि तुमचा स्वतःचा हात

असिस्टंटला सुई टोचणं, मावशींचा हात ऑटोक्लेव्हला भाजणं हे होतंच. त्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी. पगाराचा आकडा खरा द्या.

स्वतःसाठी पर्सनल अॅक्सिडेंट घेताना नुसती मृत्यूची रक्कम बघू नका. आपण बहुतेक जण दवाखान्यात दुचाकीवर जातो. पावसाळ्यात गाडी घसरून मनगट मोडलं तर दीड-दोन महिने हँडपीस (ड्रिल) धरता येत नाही, आणि भाडं, हप्ते, पगार तर चालूच राहतात. तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर आठवड्याला रक्कम देणारा भाग पॉलिसीत आहे का, ते विचारा.

7. कोणाकडून घ्यायची

चार सरकारी कंपन्या आहेत, न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया, शिवाय खासगी बऱ्याच. किमान तिघांकडून लेखी कोटेशन घ्या, पण तिघांना रक्कम, प्रमाण, रेट्रो डेट आणि एक्सेस एकच सांगून, नाहीतर तुलना कसली करणार? इन्डेम्निटीच्या आणि सामानाच्या हप्त्यावर 18 टक्के जीएसटी धरा. आरोग्यसेवेवर जीएसटी नसल्याने आपल्याला तो वळता करून मिळत नाही.

डॉक्टरांच्या संघटनेमार्फत गट पॉलिसी मिळत असेल तर जरूर विचार करा. मात्र 'मेडिकोलीगल मेंबरशिप' विकणाऱ्यांपासून सावध. वकिलांचं पॅनेल, चोवीस तास हेल्पलाइन, चकचकीत सर्टिफिकेट, सगळं असतं. खाली विमा कंपनीचं नाव, विमा नियामक आयआरडीएआयचा नोंदणी क्रमांक आणि तुमच्या नावाचा पॉलिसी नंबर आहे का? नसेल तर तो विमा नव्हे.

आणि हप्ता कंपनीच्या खात्यात जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. चेक वटला नाही तर हातातली पॉलिसी ही रद्दी. एजंटच्या वैयक्तिक खात्यावर पैसे टाकू नका.

लागणारी कागदपत्रं: बीडीएस किंवा एमडीएस पदवी, महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलची चालू नोंदणी (नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते करा), पॅन, आधार, लिव्ह अँड लायसन्स करार किंवा जागेची कागदपत्रं, एक्स-रे मशिनची एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याबाबत प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, यंत्रांची बिलं आणि सीरियल नंबर, दवाखान्याचे फोटो, जुन्या सगळ्या पॉलिसी, कर्ज असेल तर मंजुरीचं पत्र. फोटो आणि बिलं ईमेलवरही ठेवा, आगीत फाइलही जळते.

8. नोटीस आली तर

पहिली नोटीस बहुधा वकिलाची असते. ती हातात पडल्या दिवशीच विमा कंपनीला ईमेल करा, एजंटला फोन करून थांबू नका. नोटीस नाही पण पेशंट लेखी धमकी देतोय, तरी कळवा.

त्या संध्याकाळी काय करावंसं वाटतं ते मला ठाऊक आहे. पेशंटला बोलावून घ्यावं, 'चुकलं' म्हणावं, पैसे परत द्यावेत, प्रकरण मिटवावं. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल केली किंवा तडजोड केली तर कंपनी हात वर करू शकते. पेशंटशी माणुसकीने बोला, पुढचे उपचार नाकारू नका, पण कागदावर काहीही देण्याआधी विचारा.

आयोगाकडून तक्रारीची प्रत आली की उत्तर द्यायला 30 दिवस, आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी 15. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. त्या प्रकरणात उशीर करणारी एक विमा कंपनीच होती, तेव्हा कंपनी वकील देईल म्हणून स्वस्थ बसू नका.

केसपेपरला नंतर हात लावायचा नाही. एक ओळसुद्धा वाढवायची नाही. त्यामुळे जे लिहायचं ते त्याच दिवशी. खालची अक्कलदाढ काढताना माझ्या केसपेपरवर असं असतं: 'नस जवळ आहे, ओठ काही काळ किंवा कायमचा बधिर राहू शकतो हे एक्स-रे दाखवून मराठीत सांगितलं, हॉस्पिटलमध्ये सर्जनकडे करण्याचा पर्याय दिला, पेशंटने इथेच करा म्हटलं.' खाली सही. छापील इंग्रजी संमतीपत्रावर नुसतं फुल्या मारून घेतलेल्या सहीपेक्षा ही चार ओळींची नोंद मला जास्त भरवशाची वाटते.

9. कंपनीने दावा नाकारला तर

नाकारल्याचं कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा, आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंदवा. तरी दाद लागली नाही तर विमा लोकपाल. त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. स्वतःच्या नावाने प्रॅक्टिस करणाऱ्याला तिथे जाता येतं, फी नाही, 50 लाखांपर्यंतचा वाद चालतो, कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा.

10. आठवणीच्या तारखा

इन्डेम्निटीच्या नूतनीकरणाची आठवण फोनमध्ये एक महिना आधीची लावा. सामानाची यादी त्याच आठवड्यात पुन्हा काढा, वर्षात घेतलेलं नवीन मशिन हटकून राहिलेलं असतं.

आणि एक काम प्लंबरचं. पाण्याच्या मुख्य लाइनला दवाखान्याच्या दाराशीच एक व्हॉल्व्ह बसवून घ्या. आमच्या मावशींनी त्याच्या शेजारी खडूने लिहून ठेवलंय, 'आधी हे, मग लाइट, मग कुलूप'. काका अधूनमधून रात्री जाताना वर येऊन बघून जातात, बंद आहे ना म्हणून.